सोनबारीचं सोनं

१९ नोव्हेंबर, धुळे

आज डोंगरातली भोकं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

चुडामण सकाळीच गाडी घेऊन दारात आला. दोंडाईच्याला शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. आता त्याचा खडीचा क्रशर आहे, रस्त्यांची कामं आहेत. तरी मला तो ‘ललित सर’ म्हणतो, गाडीत आम्ही दोघंच असलो तरीही. कॉलेजात इतकी वर्षं इतिहास शिकवतोय, तिथे मला असं कुणी म्हणत नाही. खानदेशातल्या जुन्या सोन्याच्या खाणींवर मी काम करतो हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे ते हसायला म्हणूनच सांगतात. सोनाराचा पोरगा, दुसरं काय शोधणार! चुडामण कधी हसला नाही. म्हणाला, सोनबारीच्या डोंगरात माणसाने खोदलेली भोकं आहेत, तुम्ही जाणकार, एकदा बघून सांगा.

सोनबारी दोंडाईच्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला चिकटलेलं लहानसं गाव. नावातच सोनं. वना नावाच्या शेतकऱ्याचं शेत डोंगराला लागून आहे, तो वाट दाखवायला आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. चढावर एका रेषेत, थोड्या थोड्या अंतराने उभे गोल खड्डे आहेत, तोंडावर दगडी फरश्या टाकलेल्या, भोवती निवडुंग. एका फटीतून बॅटरी मारली तर खाली आडवा बोगदा दिसला, माणूस वाकून जाईल एवढा. भिंतींवर छिन्नीचे घाव. तळ ओला होता.

उभे खड्डे हवेसाठी, आडवा बोगदा धातूच्या शिरेमागे जाण्यासाठी. जुन्या खाणी अशाच असतात. 

हे कुणी खोदलं म्हणून वनाला विचारलं. म्हणाला, “कोनले म्हाईत? आजा-पंजापासून शे. डोंगरना पोटमा काय शे, ते कोनीच दखेल नही.” आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी गावातली माणसं मिळून खड्ड्यांभोवतीचा पाला काढतात, फरश्या नीट बसवतात, एवढं त्याला ठाऊक. का, ते ठाऊक नाही.

परतताना त्याच्या घरी पाणी प्यायलो. त्याची बायको तानुबाई सांगत होती की शेजारच्या गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो, त्यांची विहीर मात्र वैशाखातही आटत नाही. पाणी खरंच गोड होतं. माझं सगळं लक्ष डोंगराकडे होतं.

२६ नोव्हेंबर

मिसबाह मॅडमना फोन केला. त्या जळगावला भूगर्भशास्त्र शिकवतात. आधी आमच्याच कॉलेजात होत्या. माझी थट्टा न करणाऱ्या त्या एकट्या, म्हणून त्यांना सांगावंसं वाटलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ललित सर, आपल्याकडे सगळा लाव्ह्याचा काळा दगड. सोनं तिकडे कर्नाटकात, कोलारला असतं, हट्टीला असतं. या दगडात ते येणार कुठून?”

मी म्हणालो, मग लोकांनी डोंगर उगाच पोखरला का? त्या म्हणाल्या, उगाच नसेल, कशासाठी ते बघायला मला आवडेल, सुट्टीत येते. मी सध्या नको म्हणालो. खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. त्या आल्या की लेखावर त्यांचं नाव आधी लागेल.

दिपमालाला सांगितलं. ती वह्या तपासत होती. म्हणाली, चुडामणभाऊंना सोन्याची एवढी काळजी कधीपासून? दिपमाला हायस्कूलमध्ये गणित शिकवते. तिला प्रत्येक गोष्टीचं उत्तर शेवटच्या ओळीत हवं असतं.

१० डिसेंबर

आजचा दिवस विसरणार नाही.

बोगद्याच्या तळातला गाळ पोत्यात भरून धुळ्याला आणला आणि सराफ बाजारामागे नूर महंमदकडे नेला. तो झारेकरी. सोनारांच्या दुकानातली झाडलोटीची माती विकत घेऊन, धुऊन, तिच्यातले सोन्याचे कण वेगळे काढणं हा त्याच्या घराचा पिढीजात धंदा. माझ्या वडिलांच्या दुकानाची मातीही त्याचेच वडील न्यायचे. चुडामण आणि मी गेलो तेव्हा तो कुठल्याशा दुकानाची माती धूत बसला होता. ती त्याने बाजूला सारली आणि त्याच परातीत आमचा गाळ घेतला.

बराच वेळ नुसतं गढूळ पाणी. मग परातीच्या काठाशी, काळ्या रेतीच्या टोकाला, एक कण चमकला. मोहरीहूनही बारीक. पण सोनंच! सोनाराच्या घरात वाढलोय, मला वेगळं कुणी सांगायला नको.

नूर महंमद काहीतरी बोलायला लागला होता, पण चुडामणने मला मिठीच मारली. त्याने कणाचे फोटो काढले, मला परात धरायला लावून आणखी काढले. वडील आज असायला हवे होते, असं सारखं वाटत राहिलं. पोरगा पुस्तकांत वाया गेला म्हणत ते गेले.

११ डिसेंबर

मिसबाह मॅडमना फोटो पाठवला. त्यांचा एका ओळीचा निरोप आला: कुठल्या भांड्यात धुतलं?

उत्तर दिलं नाही. काही लोकांना कशाचाच आनंद होत नाही.

२६ जानेवारी, सोनबारी

झेंडावंदनानंतर मारुतीच्या पारावर ग्रामसभा झाली. चुडामणने मला बोलायला उभं केलं. आयुष्यात इतकं चांगलं मी कधी बोललो नसेन. वर्गात पोरं मोबाइल बघत असतात. इथे म्हातारी माणसं हनुवटी काठीवर टेकून ऐकत होती. हे डोंगर एके काळी सोन्याने श्रीमंत होते, तुमच्या पूर्वजांनी ते खोदलं, मध्ये कुठलीशी आपत्ती आली आणि माणसं ते विसरली, असं मी सांगितलं. कणाचा मोठा केलेला फोटो हातोहात फिरला. उद्या इथे संग्रहालय होईल, देशभरातून माणसं बघायला येतील, पोरांना कामासाठी सुरतेला जावं लागणार नाही, असंही म्हणालो. हे ठरवून आलो नव्हतो, बोलण्याच्या भरात आलं.

वनाने एकच विचारलं. “सर, खरंच सोनं शे का?”

मी म्हणालो, आहे.

खड्ड्यांपर्यंत रस्ता करायला आणि खोदाईला गावाने हात वर केले. संशोधनाच्या कामाचा अर्ज माझ्या सहीने गेला, कारण चुडामण म्हणाला की ठेकेदाराच्या नावाने गेला तर लोक वाकडा अर्थ काढतात. वरच्या परवानग्यांचं तो बघणार आहे.

८ फेब्रुवारी

डोंगरावर जेसीबी चढला. चुडामणचं काम पाहून थक्क झालो. माझ्यासाठी पायवाट पुरली असती, त्याने दोन डंपर शेजारून जातील एवढा रस्ता कापला. निघालेला दगड ठेवायला जागा नाही म्हणून डंपर तो भरून नेतात. दिवसभर रांग चालू असते.

पेपरात बातमी आली, परात धरलेल्या माझ्या फोटोसह. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. मार्चमध्ये कॉलेजात परिसंवाद घ्यायचं ठरलं, मुख्य निबंध माझा.

दिपमालाने विचारलं, दगड जातो कुठे? मी म्हणालो, तुला दगडच दिसतात. 

२५ फेब्रुवारी

तिसऱ्या खड्ड्याशी कातळ लागला. चुडामणने सुरुंग लावले. मी दूर, वनाच्या बांधावर उभा होतो. पायांखालची जमीन हलली आणि मग बराच वेळ धूळ.

खाली जाऊन पाहिलं तर वरच्या अंगाचा बोगदा ढासळून बंद झाला होता, आणि ढिगाऱ्यातून गढूळ पाणी उसळत होतं. थोडा वेळ घाबरलो. मग लक्षात आलं, हेच तर उत्तर आहे. जुन्या लोकांनी खाण सोडली ती पाणी लागलं म्हणून. ग्रामसभेत जी आपत्ती मी अंदाजाने सांगितली होती, ती ही. म्हणजे सोन्याची शीर पाण्याखाली शाबूत असणार.

निबंधाचा शेवट सापडला.

९ मार्च

पाणी उपसायला डिझेलचा पंप आणला. खोली फार, वरून पाणी ओढेना. म्हणून पंपच दोरांनी खाली सोडून खड्ड्याच्या आतल्या कपारीवर बसवला. धूर वर येतो, डोळे चुरचुरतात. पाणी पाइपातून नाल्यात. नाला मार्चमध्ये वाहतोय म्हणून पोरं डुंबायला आली होती.

आज तानुबाईने पाणी विचारलं नाही. घरात होती, पण बाहेर आली नाही. सुरुंगाच्या आवाजाने तिची म्हैस आटली म्हणतात, त्याचा राग असावा. खेड्यातल्या माणसांना मोठ्या कामाची कल्पना देणं अवघड.

वना मात्र खड्ड्याशी आला. बराच वेळ पाइपाकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, “पानी उतरी ऱ्हायनं, सर.” मी म्हणालो, हो, आठवड्याभरात तळ दिसेल. त्याने गावाकडे हात केला. मग म्हणाला, “हेरनं पानी, सर. गावनी हेर.”

मी म्हणालो, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी उतरतंच, चुडामणशी बोलतो. चुडामण म्हणाला, टँकर टाकू एखादा. प्रश्न मिटला.

१७ मार्च

मिसबाह मॅडम न सांगता आल्या. एसटीने दोंडाईच्यापर्यंत आणि पुढे कुणाच्या तरी मोटारसायकलवर. पेपरातली बातमी वाचून आल्या होत्या. मी डोंगरावरच होतो, टाळता आलं नाही.

त्या सगळ्यात वरच्या खड्ड्यापासून खाली चालत आल्या. प्रत्येक ठिकाणी थांबून गावाकडे बघायच्या. शेवटी विहिरीत वाकून पाहिलं. मग माझ्याजवळ आल्या. उन्हाने चेहरा लाल झालेला, आवाज मात्र शांत.

“सर, ही खाण नाही. डोंगरात मुरलेलं पाणी बोगद्याने गावाच्या विहिरीत आणलंय. बुऱ्हाणपूरला आहे ना, तसंच. उभे खड्डे हवेसाठी आणि गाळ काढायला. तुम्ही उपसताय ते या गावाचं पिण्याचं पाणी आहे.”

मी कणाचं बोललो. त्या म्हणाल्या, परातीत आधी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी पाण्याने बुडालेल्या खाणीचं बोललो. त्या म्हणाल्या, बोगद्याचा उतार बघा, वरून खाली, सरळ गावाकडे. सोन्याची शीर कुणाच्या विहिरीकडे बघून वळत नाही.

मग म्हणाल्या, “पंप आज बंद करा. वरचा ढिगारा हळूहळू काढला तर कदाचित पुन्हा वाहील. सुरुंग पुन्हा लावलात तर नाही.”

त्यांना दोंडाईच्याला स्टँडवर सोडलं. बसमध्ये चढताना त्यांनी विचारलं, कराल ना बंद? मी हो म्हणालो.

१८ मार्च

चुडामणला फोन केला नाही.

परिसंवाद शनिवारी आहे. पत्रिका वाटून झाल्या आहेत. नाशिकहून, पुण्याहून माणसं येणार आहेत. पाच दिवसांत विहीर काही पळून जात नाही. परिसंवाद झाला की पंप बंद करायला सांगेन, आणि बोगद्याच्या उताराचीही नीट मोजणी करून घेईन. मिसबाह मॅडम चुकत असतील असंही होऊ शकतं. त्या अर्धाच दिवस होत्या, मी चार महिने तिथे आहे.

हे लिहून पुन्हा वाचलं. मलाच पटत नाही. तरी फोन केला नाही.

२३ मार्च

परिसंवाद चांगला झाला. टाळ्या बराच वेळ वाजल्या. पुण्याच्या एका वृद्ध प्राध्यापकांनी पाठ थोपटली. दिपमाला शेवटच्या रांगेत बसली होती, जेवणाच्या आधीच निघून गेली.

जेवताना चुडामणचा फोन आला. वना गेला.

२४ मार्च

काल लिहवेना.

पंप चालवणारा माणूस दुपारी जेवायला गावात गेला होता. पंप चालूच होता. वना दोर धरून खड्ड्यात उतरला. डिझेलचा धूर आत कोंडलेला. तो वर आला नाही. माणसं धावली, पण आत उतरलं की श्वास कोंडतो, डोकं गरगरतं. ओले पंचे तोंडाला बांधून दोघांनी कसंबसं त्याला दोराला बांधलं. मी पोचलो तेव्हा तो पारावर होता. चेहरा झोपलेल्या माणसासारखा, गाल गुलाबी. त्यामुळे काही बायकांना तो जिवंतच वाटत होता, आणि तानुबाई त्याला हलवून हलवून उठवत होती.

मी खड्ड्याशी गेलो. पंप बंद होता. आपोआप पडला असेल म्हणून त्याला वर काढणाऱ्यांपैकी एकाला विचारलं. तो म्हणाला, टाकीत डिझेल होतं, पंप बंद करायचा खटका खाली ओढलेला होता, आणि वनाचा हात तिथेच.

गावात आज होळी पेटली नाही.

२६ मार्च

पोलिसांत जबाब दिला.

जाताना गाडीत चुडामण सांगत होता. “सर, झालं ते वाईट झालं. पण आपण त्याला खाली उतर म्हणालो होतो का? नाही. तिथे जायला मनाई होती. तो गेला कशाला, तर सगळ्यांना माहीत आहे, सोनं बघायला. तुम्हाला तो विचारायचा ना सोन्याचं?”

विचारलं होतं. एकदा.

मला जबाबात विचारलं की मयताला सोन्याबद्दल उत्सुकता होती का. मी म्हणालो, हो, तो विचारायचा. खोटं नाही. पंपाच्या खटक्याबद्दल मला कुणी विचारलं नाही, मी बोललो नाही. संशोधनाचा अर्ज माझ्या सहीचा आहे. त्यात सुरुंग कुठून आले, पंप आत कुणी ठेवला, हे सगळं पुढे आलं असतं.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात वाक्य असं झालं होतं: ‘मयत इसम सोन्याच्या आशेने वारंवार चौकशी करीत असे.’ मी ‘वारंवार’ म्हणालो नव्हतो. सही केली.

२९ मार्च

पेपरात: ‘सोन्याच्या लोभापायी शेतकऱ्याचा बळी’. चौकटीत माझा जुना फोटो, परात धरलेला.

१४ एप्रिल

दिपमालाला खटक्याचं सांगितलं. का सांगितलं, कळत नाही. कुणाला तरी सांगायचं होतं.

तिने पोळ्या लाटायच्या थांबवल्या. म्हणाली, “म्हणजे तो पाणी वाचवायला उतरला होता. आणि तुम्ही त्याला चोर करून आलात.”

मी म्हणालो, चोर हा शब्द मी वापरलेला नाही. तिने गॅस बंद केला आणि आतल्या खोलीत गेली.

२८ एप्रिल, सोनबारी

एवढ्या दिवसांनी गेलो. एकटा, बसने.

खोदाई थांबलेली आहे असं मी धरून चाललो होतो. डोंगराचा गावाकडचा भाग राहिलेलाच नाही. खालचे खड्डे, बोगद्याचं तोंड, सगळं खरवडून गेलंय. वर दोन-तीन खड्डे तेवढे उरलेत. उभ्या कापलेल्या काळ्या भिंतीखाली डंपर भरत होते. चालकाला विचारलं, कुठे नेता? क्रशरवर, म्हणाला, नव्या रस्त्याचं काम जोरात आहे. परवानगी कुणाची, तर तो हसला. “त्या कॉलेजना सरना नावनी शे ना.” त्याने मला ओळखलं नव्हतं.

चुडामणला तिथूनच फोन लावला. त्याने उचलला, सगळं ऐकलं, आणि पहिल्यांदाच मला शाळेतल्या नावाने हाक मारली. “लल्या, तुले सोनं पाहिजे व्हतं, मले दगड. दोन्हीना कामे झायात.” मग फोन बंद.

विहिरीच्या तळाशी हिरवट चिखल होता. टँकर येतो, पण रोज नाही. रिकाम्या घागरी रांगेत मांडून बायका सावलीला बसल्या होत्या. मी जवळून गेलो तर एकीने पदर पुढे ओढून तोंड फिरवलं.

तानुबाईच्या घराकडे वळलो नाही. धीर झाला नाही.

१० मे

आज आखाजी. घरोघरी पितरांच्या नावाने घागरी भरतात, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. सोनबारीने यंदा लेकींना निरोप पाठवला, येऊ नका, प्यायला पाणी नाही. तानुबाईची लेक आली. तिला बापाला घागर घालायची होती. तिने सासरहून पाण्याचा कॅन डोक्यावरून आणला.

हे मला तानुबाईनेच सांगितलं. मी गेलो होतो. आज गेलो नसतो तर कधीच गेलो नसतो.

तिने मला बस म्हटलं नाही. मी उभ्यानेच बोललो. पंपाच्या खटक्याचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, जबाबात मी ते सांगितलं नाही, असं म्हणालो. लेक रडायला लागली. तानुबाई रडली नाही. तिला ते आधीच माहीत होतं. ज्यांनी वनाला वर काढलं त्यांनी तिला सांगितलं होतं. पण पेपरात छापून आल्यावर गावाने पेपरच खरा धरला.

ती म्हणाली, “पानी बी गयं, मानूस बी गया. बठ्ठा गाव त्याले चोर म्हनस. म्हनतस, त्याले सोनं सापडेल व्हतं, म्हनीसन एकलाच उतरना.” मग म्हणाली, “तुमनं ऐकतस लोके. तुम्ही सांगा.”

१३ मे

पोलिसांत पुन्हा गेलो. नवा जबाब द्यायचा आहे म्हणालो. साहेब चांगले होते, लिहून घेतलं. म्हणाले, पंप आता जागेवर नाही, वर काढणारे दोघं काही पाहिलं नाही म्हणतात, एकटे तुम्ही उरता. आणि अर्जही तुमचाच आहे, हे लक्षात असू द्या. मी म्हणालो, आहे.

मिसबाह मॅडमना फोन करून सगळं सांगितलं, अठरा मार्चला पंप बंद करायला सांगितलं नाही तेसुद्धा.  त्या म्हणाल्या, वरचे खड्डे अजून शिल्लक असतील तर मी येते. उरलेला बोगदा कुणी आणखी फोडला नाही तर वरून पाइप टाकून थोडं पाणी आणता येईल. पण त्याला कुणी हात लावायला नको.

कॉलेजने चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं आहे. दिपमाला जेवण वाढते, बोलत नाही.

१९ मे, सोनबारी

पारावर माणसं जमली होती. जानेवारीपेक्षा जास्त. तानुबाई आणि लेक बाजूला, पिंपळाच्या मुळाशी.

मी सांगितलं. वना सोन्यासाठी उतरला नाही, पंप बंद करायला उतरला, तुमचं पाणी वाचवायला. डोंगरात सोनं नाही, कधीच नव्हतं. तो कण माझ्या गाळातला नव्हता, सोनाराच्या दुकानातल्या मातीतला होता. मी चुकलो, आणि चुकतोय असं कळल्यावरही गप्प बसलो. डोंगरात होतं ते पाणी, आणि वरचे खड्डे जपले तर त्यातलं थोडं अजून मिळेल.

कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्याचा अर्थ मला लागेना. मग मागून एकाने विचारलं, “मंग सोनं कोठे गयं?”

मी पुन्हा म्हणालो, नव्हतंच. तो शेजारच्याशी काहीतरी बोलला आणि दोघं मान हलवायला लागले. सर आधी आहे म्हणत होते, आता नाही म्हणतात. डोंगर निम्मा नेला, तो काय दगडासाठी? एक म्हातारा मला समजावल्यासारखं म्हणाला, “काढी लिधं ना तुम्ही? ते सांगा. आम्ही काय करनार तुमनं?”

तानुबाई उठली आणि लेकीला घेऊन घरी गेली.

२ जून

मिसबाह मॅडमना घेऊन गेलो. त्यांनी मोजणीचं सामान आणलं होतं, पाइप कसा टाकायचा त्याचं चित्रही.

रस्त्यावरूनच दिसलं. वरच्या खड्ड्यांवर माणसं होती. फरश्या उलट्या पडलेल्या, निवडुंग तोडलेलं. कुदळी, टिकाव, घमेली. अर्धं गाव असेल, बायकाही, साखळी करून माती बाहेर देत होत्या. दोन खड्ड्यांमधला बोगदा वरूनच फोडून त्याची नाली केलेली. चुडामणचे डंपर बाजूला उभे होते, कापलेल्या भिंतीखाली, कारण आता त्यांना घाई नव्हती. लोकच डोंगर मोकळा करून देत होते.

मिसबाह मॅडम हातातलं चित्र तसंच धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, संपलं, सर. आणि गाडीकडे परत फिरल्या.

मी वर गेलो. थांबा म्हणून सांगितलं. एकेकाचा हात धरून सांगितलं. ते हात सोडवून घेत होते, रागाने नाही, कामात असलेला माणूस सोडवून घेतो तसे. वनाला वर काढणाऱ्या दोघांपैकी एक खड्ड्यातून बाहेर आला. डोक्यापासून पायापर्यंत चिखल. त्याने घमेलं माझ्यासमोर ठेवलं. आतला गाळ ओला, काळा, उन्हात चकाकत होता.

“सर, तुम्हले समजस. जराखं दखा ना.”

नाही म्हणायला तोंड उघडलं. सगळे थांबले होते, कुदळी हातात धरून. मी गुडघ्यावर बसलो, गाळ मुठीत घेतला, अंगठ्याने पसरला, उन्हाकडे तिरपा धरला. आणि पाहिलं. नीट, बराच वेळ, कुठे काही चमकतंय का म्हणून.